पडलेल्या इमारतींकडून आरसीसी डिझायनरने नक्की काय शिकायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: काही वर्षं एका आरसीसी कन्सल्टंटकडे काम केल्यावर आता स्वतःच्या सहीने पाच-सात मजल्यांच्या इमारती करायच्या आहेत. इमारत पडल्याच्या बातम्या वाचता, पण प्रत्येक बातमीत 'निकृष्ट बांधकाम' एवढंच असतं. मग आपल्या डिझाइनमध्ये नेमकं काय बदलायचं, की सगळीकडे दहा-वीस टक्के स्टील वाढवून मोकळं व्हायचं?

आधी स्टीलचं सांगतो, कारण तरुण डिझायनर तिथेच अडकतात. सरसकट स्टील वाढवून मिळणारी सुरक्षितता फार थोडी असते. काँक्रीट बांधकामाच्या आयएस ४५६ या भारतीय मानकाप्रमाणे आपण डेड लोडला (इमारतीचं स्वतःचं वजन) आणि लाइव्ह लोडला (माणसं, सामान) १.५ ने गुणतो, काँक्रीटची ताकद १.५ ने आणि स्टीलची १.१५ ने भागतो. क्यूबची (काँक्रीटच्या चाचणीच्या ठोकळ्याची) ताकद थोडी कमी आली, स्लॅब दहा मिलिमीटर जाड भरला गेला, अशा फरकांसाठी हे गुणक आहेत. कॉलमच तोडला, टेकू आठवडाभर आधी काढले किंवा भिंतीमागे पाणी तुंबलं, तर दहा टक्के जादा सळई काही करू शकत नाही. उलट बीममध्ये उगाच स्टील वाढवलं, तर भूकंपात बीमच्या आधी कॉलम मोडण्याची शक्यता वाढते. म्हणून तर भूकंपाच्या डिटेलिंगच्या आयएस १३९२० या मानकाच्या २०१६ च्या आवृत्तीत सांध्यावर कॉलमची मोमेंट (वाकवणारा जोर) पेलण्याची क्षमता बीमच्या किमान १.४ पट ठेवायला सांगितली आहे.

'निकृष्ट बांधकाम' हे कारण अनेकदा खरंही असतं, पण त्यातून डिझायनरला शिकण्यासारखं काही मिळत नाही. मी दुर्घटनेची माहिती वाचताना वेगळी गोष्ट शोधतो. हे थांबवता येण्याची शेवटची वेळ कोणती होती? त्या वेळी धोका कोणाला दिसत होता? आणि त्या माणसाला काम थांबवण्याचा अधिकार होता का? या तिन्हींची उत्तरं मिळाली, की ती माझ्या ड्रॉइंगवर, नोट्समध्ये किंवा साइट व्हिजिटच्या वेळापत्रकात कुठे बसतात ते बघतो. माझ्या मते शिकणं म्हणजे एवढंच, आणि ते कष्टाचं काम आहे.

सगळ्यात आधी अभ्यासावी अशी घटना म्हणजे अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीमधलं हयात रीजन्सी हॉटेल. १७ जुलै १९८१ ला तिथल्या मोठ्या हॉलमध्ये लटकवलेले दोन पादचारी पूल, चौथ्या मजल्याचा आणि त्याच्या बरोबर खालचा दुसऱ्या मजल्याचा, कोसळले. ११४ माणसं गेली. मूळ ड्रॉइंगमध्ये छतापासून निघालेला एकच अखंड रॉड चौथ्या मजल्याच्या बीममधून आरपार जाऊन दुसऱ्या मजल्याचा पूलही उचलत होता. अखंड रॉडवर इतक्या लांबीपर्यंत आटे पाडणं आणि ते उभारणीत सांभाळणं कठीण, म्हणून फॅब्रिकेशनच्या टप्प्यावर एकाऐवजी दोन रॉड आले: छतापासून चौथ्या मजल्यापर्यंत एक, आणि चौथ्या मजल्याच्या बीमपासून खाली दुसरा.

दोरीच्या मल्लखांबावर दोन मुलं एकाखाली एक आहेत असं समजा. दोघांनी दोरी धरली आहे तोवर वरच्याच्या हातावर फक्त त्याचंच वजन. खालच्याने दोरी सोडून वरच्याचे पाय धरले, तर दोरीवरचं वजन तेच राहतं, पण वरच्याच्या हातावर दोघांचं येतं. हॉटेलात तेच झालं. चौथ्या मजल्याच्या बीमखालच्या नटवर येणारा भार दुप्पट झाला आणि तो नट बॉक्स बीम फाडून बाहेर आला. चौकशीत असंही निघालं, की मूळचा एक रॉडचा जोडही नियमात लागणाऱ्या ताकदीच्या ६० टक्क्यांच्याच आसपास होता. म्हणजे त्या जोडाचं गणित आधी नीट झालं नव्हतं आणि बदलानंतरही झालं नाही. डिझायनरच्या कार्यालयाने समजलं की जोड फॅब्रिकेटर बघेल, फॅब्रिकेटरकडच्यांनी समजलं की सही झाली म्हणजे तपासलं. पुढे मिसुरी राज्यात जबाबदार इंजिनिअरांचे परवाने गेले. जोड तपासण्याची जबाबदारी डिझायनरचीच, हे तिथे ठामपणे ठरलं.

यातून मी काय घेतलं? बदल छोटा दिसतो की मोठा, यावर तो तपासायचा की नाही हे ठरवायचं नाही. भाराचा रस्ता बदलतो का, एवढंच बघायचं. आपल्याकडे असे बदल फोनवर होतात. 'साहेब, प्लंबिंगची लाइन बीममधून जातेय, चार इंची होल मारू का?' 'पार्किंगमध्ये गाडी वळत नाही, कॉलम नऊ इंच सरकवला तर चालेल ना?' 'मालक म्हणतायत टाकी जिन्यावर नको, कोपऱ्यात घ्या.' यातल्या पहिल्या बदलाला मधल्या एक तृतीयांश भागात आणि बीमच्या मध्यउंचीवर कदाचित 'हो' म्हणता येईल, सपोर्टजवळ कधीच नाही. दुसऱ्याला गणित केल्याशिवाय उत्तरच नाही. आमच्या ऑफिसात नियम आहे की फोनवर फक्त 'नाही' किंवा 'थांबा' म्हणता येतं. 'हो' म्हणायचं तर फोटो आणि खुणा केलेलं ड्रॉइंग आमच्याकडे येतं, गणित होतं आणि सुधारित नंबरचं ड्रॉइंग साइटवर जातं. ठेकेदार सुरुवातीला कुरकुर करतात. उत्तर त्याच दिवशी मिळतं हे कळल्यावर कुरकुर थांबते. ते आपल्याला जमणार नसेल तर मात्र हा नियम टिकत नाही, कारण काँक्रीटची गाडी दारात उभी असताना कोणी वाट बघत नाही.

दुसरा विषय तात्पुरत्या कामांचा, म्हणजे सेंट्रिंग, टेकू, परांची, खोदकाम. कॉलेजात यावर एखादं व्याख्यान होतं, आणि डिझायनरच्या ड्रॉइंगवर तर एक ओळही नसते. बांधकाम चालू असताना होणारे कितीतरी मृत्यू मात्र इथेच होतात. पुण्यात ३ फेब्रुवारी २०२२ च्या रात्री येरवड्याच्या शास्त्रीनगर भागात बांधकामाच्या जागेवर सळयांची जाळी कोसळून पाच मजूर गेले. त्या जाळीत अजून काँक्रीटही पडलेलं नव्हतं. जाड राफ्टमध्ये (इमारतीखालच्या अखंड पायाच्या स्लॅबमध्ये) वरची जाळी ज्या खुर्च्यांवर, म्हणजे सळई वाकवून केलेल्या आधारांवर, उभी असते त्या किती अंतरावर, किती जाडीच्या, आणि आडव्या ढकलीला त्यांना कशाने बांधलंय, हे कोण ठरवतं? बहुतेक साइटवर फिटर, सवयीने. अर्ध्या फुटाच्या स्लॅबमध्ये सवय पुरते. मीटरभर किंवा त्याहून जाड राफ्टमध्ये वरच्या जाळीचं वजन, तिच्यावर ठेवलेले सळयांचे गठ्ठे आणि चालणारी माणसं मिळून ती खुर्ची म्हणजे एक बारीक कॉलमच असते. मग तिचं डिझाइन कॉलमसारखंच हवं, तिरपे बांध धरून.

टेकूंचं गणित सोपं आहे, तरीही क्वचितच केलं जातं. १५० मिलिमीटरच्या स्लॅबचं वजन प्रति चौरस मीटर सुमारे ३७५ किलो. सेंट्रिंगचं ५० आणि काम करणारी माणसं-अवजारं यांचं १५० धरलं तर साधारण ५७५ किलो होतं. टेकूंमधून हा भार खालच्या स्लॅबवर उतरतो. खालचा स्लॅब स्वतःच्या वजनाव्यतिरिक्त कशासाठी डिझाइन केलाय? घरगुती वापराचे २०० किलो आणि फरशीचे शंभर-दीडशे, मिळून ३५० च्या आत. आणि तो दहा दिवसांचा असेल तर त्याची ताकदही अजून पूर्ण आलेली नाही. म्हणून एका मजल्याचे टेकू ठेवून भागत नाही, सलग दोन, कधी तीन मजले टेकूंवर ठेवावे लागतात. आयएस ४५६ म्हणतं की ४.५ मीटरपर्यंतच्या स्लॅबचे टेकू ७ दिवस आणि त्याहून मोठ्याचे १४ दिवस, ६ मीटरपर्यंतच्या बीमचे १४ आणि त्यापुढे २१ दिवस ठेवा. पण हे आकडे साध्या ओपीसी (ऑर्डिनरी पोर्टलँड) सिमेंटचे, नीट क्युरिंग झालेल्या आणि वरून नवा मजला न आलेल्या स्लॅबचे आहेत. फ्लाय अ‍ॅशचं सिमेंट असेल, किंवा वर लगेच पुढचा स्लॅब भरायचा असेल, तर तेच आकडे धोक्याचे ठरतात. हे ठेकेदाराला माहीत असेलच असं धरू नका.

त्यातही दुप्पट उंचीच्या जागा: प्रवेशाचा पोर्च, हॉल, सभागृह. टेकूची वाकण्याविरुद्धची क्षमता त्याच्या मोकळ्या लांबीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात बदलते. तीन मीटरचा टेकू जेवढं उचलतो त्याच्या चौथा हिस्साच सहा मीटरचा उचलतो, मध्ये दोन्ही दिशांना आडवं बांधलं नाही तर. एकावर एक टेकू जोडून, खाली ओल्या भरावावर नुसती वीट ठेवून स्लॅब भरायला घेतला, आणि पंपाने एकाच जागी काँक्रीटचा ढीग ओतला, तर मीटरभर उंचीच्या ढिगाखाली प्रति चौरस मीटर २,४०० किलो येतात. एक टेकू सरकतो, त्याचा भार शेजाऱ्यांवर जातो, आणि बघता बघता सगळं खाली येतं. चार मीटरवरच्या प्रत्येक स्लॅबसाठी आम्ही टेकूंचं वेगळं ड्रॉइंग देतो: टेकूंमधलं अंतर, आडवे-तिरपे बांध, खालची फळी, आणि काँक्रीट ओतण्याचा क्रम. कॉलम आधी भरून घट्ट झाले असतील तर सेंट्रिंग त्यांना बांधता येतं, म्हणून कॉलम आणि असा स्लॅब एकाच वेळी भरू देत नाही. याची वेगळी फी मिळते का? बऱ्याचदा नाही. तरी द्या.

खोदकाम आणि भिंतींबद्दल थोडक्यातच लिहितो, पण पावसाळा तोंडावर असेल तर हा भाग आधी वाचा. २९ जून २०१९ ला पुण्यातल्या कोंढव्यात जोरदार पावसात एका सोसायटीची संरक्षक भिंत शेजारच्या बांधकामावरच्या मजुरांच्या झोपड्यांवर कोसळली आणि १५ माणसं गेली, त्यात लहान मुलंही होती. भिंतीमागची कोरडी माती दर मीटर खोलीला प्रति चौरस मीटर साधारण ६ किलोन्यूटनने दाब वाढवते. तीच माती पाण्याने भरली आणि पाण्याला वाट नसली, तर तो १३ च्या आसपास जातो, म्हणजे दुपटीहून जास्त. एरवी वर्षानुवर्षं उभी असलेली भिंत एका रात्रीत पडते ती यामुळे. भिंतीला पाणी जायला भोकं आणि मागे खडीचा थर हे डिझायनरचं काम आहेच. पण मजुरांची वस्ती कुठे असेल, हेही मी आता प्लॉटच्या नकाशावर दाखवायला सांगतो: कोणत्याही जुन्या भिंतीपासून तिच्या उंचीच्या किमान दीडपट लांब, आणि खोदकामाच्या कडेला कधीच नाही. हा माझा ठोकताळा आहे, कोडचा आकडा नाही.

आतापर्यंतच्या गोष्टींत कोणीतरी काहीतरी बदललं, किंवा तात्पुरत्या गोष्टीकडे कोणाचं लक्ष नव्हतं. आता एक प्रकार वेगळा आहे, ज्यात सगळेच जण सारखंच चुकीचं करत असतात आणि ते चूक वाटतच नाही. २६ जानेवारी २००१ च्या भुज भूकंपात, केंद्रापासून दोनशे किलोमीटरहून लांब असलेल्या अहमदाबादमध्ये बहुमजली इमारती पडल्या. खाली मोकळं पार्किंग, वर विटांच्या भिंतींनी भरलेले मजले. वरचा भाग ताठ पेटीसारखा हलतो आणि सगळी वाकणूक खालच्या कॉलमवर येते. त्यातच बाहेर काढलेल्या बीमवर उभे केलेले कॉलम, कॉलमच्या सळयांभोवती लांब अंतरावर बांधलेल्या रिंगा, आणि रिंगांचे हुक ९० अंशांचे, म्हणजे काँक्रीटचं कव्हर फुटलं की उघडणारे. आयएस १३९२० हे भूकंपाच्या डिटेलिंगचं मानक १९९३ पासून उपलब्ध होतं. साइटवर ते पोचलंच नव्हतं. भूकंपानंतर २००२ च्या आयएस १८९३ या भूकंपाच्या भारांच्या मानकात अशा मोकळ्या मजल्याचे बीम-कॉलम अडीचपट शिअर (आडवा कापणारा जोर) आणि मोमेंटसाठी डिझाइन करायला सांगितलं गेलं, आणि २०१६ च्या आवृत्तीने आणखी पुढे जाऊन अशा मजल्यात काँक्रीटच्या भिंती किंवा ब्रेसिंग (तिरपे आधार) घालून तो ताठ करण्यावर भर दिला.

महाराष्ट्रात आपण हे विसरू नये, कारण ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंप आपल्याच घरातला आहे. तिथे पडली ती मातीत रचलेल्या जाड दगडी भिंतींची, वर जड माळवद असलेली घरं. तो भाग तेव्हाच्या नकाशात भूकंपाचा सगळ्यात कमी धोका असलेल्या पट्ट्यात होता. आज त्याच गावांच्या आसपास, तालुक्यांच्या ठिकाणी खाली मोकळ्या पार्किंगच्या इमारती उभ्या राहतायत. म्हणून 'आमच्याकडे भूकंपाचा झोन कमी आहे' या वाक्यावर मी रिंगांचं डिटेलिंग कमी करू देत नाही. १३५ अंशांचा हुक वाकवायला फिटरला थोडा जास्त वेळ लागतो, एवढाच त्याचा खर्च. सांध्याजवळ रिंगा १०० मिलिमीटरच्या आतच.

शेवटी भेगांबद्दल. सोलमधलं साम्पूंग डिपार्टमेंट स्टोअर २९ जून १९९५ ला कोसळलं आणि ५०२ माणसं गेली. बीम नसलेला फ्लॅट स्लॅब, सरकत्या जिन्यांसाठी कमी केलेले कॉलम, मागाहून चढवलेला पाचवा मजला, छतावर ओढत नेलेली एसीची जड यंत्रं. यातलं प्रत्येक पाऊल वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या माणसांनी उचललं. पण त्या दिवशी सकाळी वरच्या मजल्यावर कॉलमभोवती भेगा रुंदावताना दिसत होत्या. मजला बंद केला गेला, दुकान मात्र चालू राहिलं. ढाक्याजवळ सावरमधल्या राणा प्लाझातही २४ एप्रिल २०१३ च्या आदल्या दिवशी भेगा दिसल्या होत्या. खालची बँक बंद झाली, कपड्यांच्या कारखान्यातले कामगार मात्र परत आत बोलावले गेले, आणि अकराशेहून जास्त जीव गेले.

धोका दिसला होता, पण थांबवण्याचा अधिकार दिसणाऱ्याकडे नव्हता. डिझायनर म्हणून यावर दोन गोष्टी करता येतात. पहिली डिझाइनमधली. फ्लॅट स्लॅबमध्ये खालच्या सळया कॉलममधून अखंड न्या, म्हणजे स्लॅब कॉलमभोवती फाटला तरी लटकून राहतो आणि खालच्या मजल्यावर आदळत नाही. लंडनच्या रोनन पॉइंटमध्ये १६ मे १९६८ ला अठराव्या मजल्यावरच्या एका गॅस स्फोटाने पूर्ण कोपरा पत्त्यांसारखा उतरला, तेव्हापासून जगभरच्या नियमांत अशा बांधणीचा विचार आला. दुसरी गोष्ट कागदावरची. माझ्या नेमणूकपत्रात एक अट असते: कॉलमजवळ तिरपी भेग, स्लॅबचा खाली झुकाव किंवा टेकू वाकलेला दिसला तर साइट सुपरवायझर मालकाला न विचारता काम थांबवू शकतो, आणि त्या दिवसाचं नुकसान त्याच्याकडून वसूल होणार नाही. मालक सही करतो की नाही, यावरून मला त्या प्रोजेक्टबद्दल बरंच कळतं.

आता परिस्थितीवर काय अवलंबून आहे ते. मी सांगितलेलं सगळं तुम्हाला पहिल्याच वर्षी जमेल असं नाही. नवीन माणसाला मालक सहज बदलतो, आणि छोट्या गावात शेजारचा कन्सल्टंट निम्म्या फीमध्ये, साइटवर न येता, सही देतो. तुमच्याकडे साइट व्हिजिटची फी मिळत नसेल तर सगळ्या स्लॅबना जाऊ नका. फुटिंगचा खड्डा, तळमजल्याच्या कॉलमच्या रिंगा, पहिला स्लॅब आणि दुप्पट उंचीचा स्लॅब, एवढ्या चार वेळा मात्र स्वतः जा आणि काँक्रीटला लेखी परवानगी त्याच वेळी द्या. जमीन काळ्या मातीची असेल तर फुटिंगला दोनदा जावं लागेल. जुन्या इमारतीवर मजला चढवायचं काम आलं तर पहिली दोन वर्षं घेऊच नका, कितीही ओळखीतून आलं तरी.

वाचायचं काय, तर बातम्या नाहीत. आयआयटी कानपूरच्या भूकंप अभियांत्रिकी माहिती केंद्राचं साहित्य मोफत मिळतं. ब्रिटनमध्ये २००५ पासून चालणारी क्रॉस नावाची व्यवस्था आहे, जिथे इंजिनिअर स्वतःचं नाव उघड न करता थोडक्यात टळलेल्या दुर्घटना कळवतात. आपल्या कामाशी सगळ्यात जवळचं साहित्य मला तिथे सापडतं, कारण त्यात बऱ्याचदा इमारत पडलेली नसते आणि कोणीतरी वेळेत थांबवलेलं असतं. एक वही ठेवा, प्रत्येक घटनेखाली एकच ओळ लिहा: 'हे माझ्या कोणत्या ड्रॉइंगवर येतं?' ओळ लिहिता आली नाही तर ती घटना अजून समजलेली नाही असं धरा आणि परत वाचा.

तुमची पहिली इमारत खाली पार्किंगची असणार, हे जवळपास नक्की. मग सुरुवात आर्किटेक्टकडे करा, त्याचा प्लॅन पक्का व्हायच्या आधी. जिन्याच्या आणि लिफ्टच्या भोवतीच्या भिंती काँक्रीटच्या करून खालपर्यंत न्यायला आणि इमारतीच्या दुसऱ्या टोकालाही एक-दोन भिंती द्यायला जागा मागा. गाड्यांची आखणी झाल्यावर ती जागा मिळत नाही.